पाटावरची रायफल

इलाने रायफलीचा बोल्ट मागे ओढला आणि आतून एक जिवंत काडतूस उडून पाटावर पडलं. हळदीकुंकवातून घरंगळत ते समईपाशी जाऊन थांबलं. दसऱ्याची पूजा नुकतीच आटोपली होती. पाटावर इलाचा स्टेथोस्कोप होता, अहिल्याबाईंची विळी होती, मोरेश्वररावांचे नट आवळायचे पाने होते आणि सगळ्यांच्या पुढे ती रायफल. कुंकू पुसून कपाटात ठेवावी, एवढ्यासाठीच इलाने ती उचलली होती.

अहिल्याबाई झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. रायफलीचं तोंड सकाळपासून पुऱ्या तळणाऱ्या आपल्याच पाठीकडे होतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

या रायफलीला त्या सवत म्हणत. अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या थंडीत बाकीचे मराठी नवरे नाटकं बसवत, ढोल-ताशाच्या तालमी करत. मोरेश्वररावांनी नोव्हेंबरात नारिंगी जाकीट घालून हरणामागे जायचं खूळ घेतलं. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर एकदा गेले आणि मग दरवर्षी जाऊ लागले. मांस गॅरेजच्या पुढे येत नसे आणि आंघोळ केल्याशिवाय मोरेश्वरराव स्वयंपाकघरात येत नसत, एवढ्या दोन अटींवर अहिल्याबाईंनी सवतीला घरात घेतलं होतं.

रायफल मात्र मोरेश्वररावांनी पारखून घेतली होती. स्काउट पद्धतीची बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे ओढायचा. आखूड, वजनाला हलकी, बर्फात, झाडीत, गाडीत कुठेही सोबत नेता येईल अशी. तिची दुर्बीण डोळ्याला चिकटलेली नव्हती, चांगली पुढे नळीवर बसवलेली होती, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येई. एक डोळा मिटला की अर्धं जंगल दिसत नाही, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत. दहा कामांना दहा वस्तू घेणाऱ्या या देशात सगळ्या कामांना पुरेल अशी एकच वस्तू मिळाली, याचं त्यांना भारी अप्रूप होतं. अहिल्याबाई म्हणत, तशी माझी सांडशी आहे, तिचं कुणाला कौतुक नाही.

मोरेश्वररावांनी जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासायची नोकरी केली. तपासणं त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. रायफल दुसऱ्याच्या हाती द्यायची तर बोल्ट उघडायचा, करंगळी आत घालून चाचपायचं आणि म्हणायचं, "रिकामी." घेणाऱ्याने पुन्हा करंगळी घालायची आणि आपणही म्हणायचं, "रिकामी." इलाला त्यांनी हे शिकवलं तेव्हा तिला नीट श्रीखंड वाढून घेता येत नव्हतं. पुढे ती जनावरांची डॉक्टर झाली. आठवडाभर कुत्र्यामांजरांचे जीव वाचवायचे आणि नोव्हेंबरात बापाबरोबर शिकारीला जायचं, हा कुठला न्याय, असं आई विचारायची आणि बापलेक हसायची.

आणि दसऱ्याला रायफल पाटावर मांडताना मोरेश्वरराव बोल्ट उघडा ठेवून त्या फटीत झेंडूचं फूल देठासकट खोवत. शस्त्र पूजेला बसलंय आणि आत काही नाही, हे देवालाही दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आज फूल वर नुसतं ठेवलेलं होतं. बोल्ट बंद होता. अहिल्याबाईंनी सकाळी ते पाहिलं होतं. त्यांना वाटलं, असंही छान दिसतंय.

"बाबा, ही तू लोड केलीस?" इलाने विचारलं.

मोरेश्वरराव म्हणाले, काहीतरीच काय, मी कशाला करेन. मग त्यांनी वाकून काडतूस उचललं. त्याला लागलेलं कुंकू धोतराच्या सोग्याने पुसलं आणि ते तळहातावर उलटसुलट करून पाहिलं.

अहिल्याबाईंना आठवलं. आज उजाडताना ते थर्मास भरला का म्हणून विचारत होते. थर्मास शिकारीच्या दिवशी लागायचा. त्यांनी आज दसरा आहे म्हटल्यावर ते हसले, हो की म्हणाले आणि आंघोळीला गेले. पण त्याआधीच ते कपाटाकडे जाऊन रायफल भरून आले असणार. चहा घेतल्यावर पुन्हा चहा मागणं, नेहमीच्या दुकानातून येताना रस्ता चुकणं, या सगळ्यावर अहिल्याबाई गेलं वर्षभर पांघरूण घालत होत्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेही त्यांनी लेकीला कळवलं नव्हतं. आता झाकायला काही उरलं नाही.

त्यांनी तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. इला ऐकत राहिली. मग तिने काडतुसांचा डबा आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली आणि वडिलांशेजारी जमिनीवर बसली.

"I'll just take the bolt, बाबा," ती म्हणाली. "बोल्ट माझ्याकडे ठेवते. रायफल राहू दे इथेच, तुझ्याजवळ. ओके?"

मोरेश्वररावांनी मान हलवली. "बोल्ट काढलास तर ते नुसतं लाकूड, इलू. अर्धी नको नेऊस. सगळी ने."

"नोव्हेंबरात आपण जाणार होतो ना पण?"

"तू ने मला. मी थर्मास धरून बसेन." मग हातातलं काडतूस तिच्यापुढे धरून म्हणाले, "आजच ने. दसरा आहे, मुहूर्त बघायला नको. उद्या मी नाही म्हणेन."

अहिल्याबाईंना पदर तोंडाशी धरावा लागला. इतकी वर्षं जिच्या नावाने बोटं मोडली, ती जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. ती या घरात होती तोवर तिला जपणारा माणूसही इथे होता.

जेवणं झाली. इलाने अंगणातल्या रेडबडच्या झाडाची पिवळी पानं आपट्याची म्हणून दोघांच्या हातात ठेवली, सोनं घ्या म्हणाली आणि पाया पडली. मग मोरेश्वररावांनी रायफल हातात घेतली. बोल्ट उघडला, करंगळी आत घातली. "रिकामी," ते म्हणाले. इलाने रायफल घेतली, करंगळी घातली आणि तशीच जायला वळली. ते हात मागे बांधून थांबून राहिले. म्हटल्याशिवाय ते तिला जाऊ देणार नव्हते.

"रिकामी, बाबा," ती कशीबशी म्हणाली आणि गाडीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहिल्याबाई पाटावरचं निर्माल्य गोळा करत होत्या. आतल्या खोलीत कपाटाचं दार वाजलं. जाऊन पाहतात तो मोरेश्वरराव उघड्या कपाटापुढे उभे. किल्ली इलाकडे होती आणि कपाटाला आता कुलूप लागत नव्हतं. चेहरा गोंधळलेला, कुणीतरी ओळखीचं दिसावं आणि नाव आठवू नये तसा. हातात कालचं झेंडूचं फूल होतं. ते कुठे खोवायचं हे त्यांना सापडत नव्हतं.

त्यांना कालचं सांगावं, तर ते पुन्हा पहिल्यांदाच ऐकणार होते.

मोरेश्वररावांनी कपाटात हात घातला. रायफल जिथे उभी असायची त्या खाचेत करंगळीने नीट चाचपून पाहिलं, वर, खाली, अगदी कोपऱ्यापर्यंत.

"रिकामी," ते म्हणाले, आणि बाजूला सरून वाट पाहत राहिले.

इतक्या वर्षांत अहिल्याबाईंनी त्या रायफलीला कधी बोटही लावलं नव्हतं. त्यांनी हातातलं निर्माल्य खाली ठेवलं, पुढे झाल्या आणि त्या खाचेत आपली करंगळी घातली.

"रिकामी," त्या म्हणाल्या.

मोरेश्वररावांनी समाधानाने मान हलवली आणि कपाटाचं दार लावून घेतलं.