अर्धा सूर वर

मैना पगारे नाशिकरोडला नगरपालिकेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. साठ पोरं, वर पत्रा आणि मागून जाणाऱ्या मालगाड्या. मुळात जाड असलेला तिचा आवाज तिथे तीन वर्षांत आणखी जाड झाला. त्याच आवाजात गाऊन तिनं १९८१ साली मुंबईत एका साबण कंपनीची गाण्याची स्पर्धा जिंकली.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, दाविद भालेराव, शरणपूरला घड्याळं दुरुस्त करायचो आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचो. मंगळू पेठकडचा. दिवसभर टायरच्या दुकानात हातोडा मारायचा आणि संध्याकाळी त्याच हातांनी ड्रम बडवायचा. बाकीच्या स्पर्धकांनी सिनेमातली गाणी म्हटली. मैनानं स्वतःचं म्हटलं. त्या गाण्याचं नाव 'हजेरी'.

लहानपणी तिच्या शाळेत एक मास्तर होते. हजेरी घेताना सगळ्या पोरांची नावं आडनावासकट घ्यायचे. तिच्यापाशी आले की नुसतं 'मैना' म्हणून पुढे जायचे. त्यावरचं ते गाणं.

हजेरीत माझं नाव घे,
अर्धं नको, पूर्ण घे,
जिभेला तुझ्या जड वाटलं
तर थांब, पाणी पी, पुन्हा घे.

शेवटच्या ओळीला मंगळू जे काही करायचा त्यानं सभागृहातल्या खुर्च्या हलायच्या. पहिलं बक्षीस होतं मुंबईच्या एका बड्या रेकॉर्ड कंपनीची लाँगप्ले. आठ गाणी, आठही आमची.

मेच्या सुट्टीत दहा दिवस मुंबईला जाऊन आम्ही ती आठ गाणी वाजवली. कंपनीकडून बक्षी नावाचे गृहस्थ होते. गोड बोलायचे, चहा पाजायचे, मैनाला मॅडम म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी एक करार पुढे केला. तीन वर्षं मैनानं दुसरीकडे कुठेही रेकॉर्ड करायचं नाही. आम्ही वाचला, मैनानं सही केली. पूर्ण सही, आडनावासकट.

दिवाळीच्या आधी रेकॉर्डचं पार्सल आलं. वर मैनाचा फोटो, गुलाबी साडीत. तिनं ती साडी फक्त फोटोपुरती नेसली होती, तीही बक्षींच्या आग्रहानं. खाली ठळक अक्षरात 'मैना'. बस, एवढंच.

"आडनाव कुठंय?" मी विचारलं.

तिनं रेकॉर्ड काढून माझ्या प्लेअरवर लावली. तिचे आईवडील, यशोदाबाई आणि कोंडाजी, मुद्दाम माझ्या दुकानात ऐकायला आले होते. कोंडाजीकाका छापखान्यातली पाळी बदलून आले होते. 'हजेरी' सुरू झालं. यशोदाबाई पदर सावरून ऐकत बसल्या, आणि एक कडवं झाल्यावर मैनाकडे वळल्या.

"तुझं गाणं ही दुसरी कोण म्हणतेय गं?"

"मीच आहे आई."

"छे. ही तर कुणी बारकी पोरगी आहे."

मलाही काहीतरी खटकत होतं. सगळे घरी गेल्यावर मी गिटार काढली आणि रेकॉर्डबरोबर वाजवायला लागलो. जुळेना. माझंच गाणं, माझीच गिटार, आणि माझेच सूर मला सापडेनात. तारा तपासल्या, तर त्या बरोबर होत्या. शेवटी सगळ्या तारा अर्धा सूर वर चढवल्या, तेव्हा जुळलं. मग मी दुकानातलं स्टॉपवॉच लावलं. आम्ही 'हजेरी' चार मिनिटं दहा सेकंदांत वाजवायचो. मंगळूचा हात घड्याळासारखा, एवढातेवढा फरक पडायचा नाही. रेकॉर्डवर ते चौदा सेकंद आधी संपत होतं.

टेप वेगानं पळवून रेकॉर्ड काढली होती. टेप वेगानं पळाली की आवाज वर चढतो आणि बारीक होतो. मैनाचा आवाज त्यांनी यंत्रात घालून गोड केला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "नक्की?" मग म्हणाली, "चल मुंबईला."

बक्षींनी नाकारलं नाही, उलट समजावलं. "मॅडम, बाईचा असा आवाज चालत नाही. डोळे मिटून ऐकलं तर पुरुष वाटतो. आम्ही तुमच्या भल्याचंच केलंय."

"आणि माझं आडनाव?"

"मैना कसं सुटसुटीत आहे. पक्ष्याचं नाव, लोकांच्या लक्षात राहतं. आडनाव लावलं की लोक नको ते विचार करतात."

"कोणते विचार?"

बक्षी हसले आणि त्यांनी चहा मागवला. मैना उठली. तिचा कप तसाच राहिला. जाताना बक्षी म्हणाले, "बावीसला नाशिकला आपला कार्यक्रम आहे, विसरू नका. गाण्याची तकलीफ घ्यायची नाही. रेकॉर्ड वाजेल, तुम्ही ओठ हलवा."

गाडीत इगतपुरीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, रडतेय. बघितलं तर ती मनात काहीतरी जुळवत होती.

"केरूभाऊंचा लाउडस्पीकर आहे ना बावीसला?"

"हो."

"त्यांच्याकडे जाऊ."

केरूभाऊंचं दुकान गंगापूर रोडला होतं. पन्नाशीचा माणूस, अर्ध्या जिल्ह्याच्या लग्नांत त्यांचे कर्णे वाजलेले. मैनानं सगळं सांगितलं आणि विचारलं, रेकॉर्ड हळू फिरवता येते का?

केरूभाऊंनी कोपऱ्यातलं मशीन पुढे ओढलं. बाजूला एक छोटा दांडा होता. "खेड्यावर लाईट कमीजास्त होती, बाई. रेकॉर्ड रडाया लागती. म्हणून हा दांडा. वर केला की पळती, खाली केला की दमानं चालती." त्यांनी 'हजेरी' लावलं आणि दांडा हळूहळू खाली घेतला. मी तारा पुन्हा मूळच्या सुरात आणल्या होत्या, एकेक वाजवून बघत होतो. एका जागी सगळं जुळलं. मैना आत होती आणि मैना बाहेर उभी होती. केरूभाऊंनी खडूनं तिथे खूण केली.

"पण बाई, कंपनीचा माणूस तिथं ऱ्हाईल. माझं भाडं कंपनी देती."

"तुम्हाला अडचण असेल तर राहू द्या, भाऊ. मी दुसरं काही बघेन."

केरूभाऊंनी खडू खिशात टाकला. "अडचण कशाची? रेकॉर्ड नीट लावणं माझं कामच हाय."

कोंडाजीकाकांना मात्र हे पटलं नाही. "मोठी माणसं आहेत. तुझी नोकरी आहे, उद्या शाळेपर्यंत येतील."

"येऊ देत, दादा. हजेरी घेईन त्यांची."

यशोदाबाई एवढंच म्हणाल्या, "गुलाबी साडी नेसू नकोस."

बावीस तारखेला संध्याकाळी पाचला शाळेचं मैदान भरलं. मैनाच्या कॉलनीतल्या बाया पुढे बसल्या होत्या, तिच्या वर्गातली पोरं आईबापांसकट आली होती, मागे कॉलेजची मुलं सायकलींवर टेकून उभी होती. बक्षी पुढच्या खुर्चीत होते. मैना पांढऱ्या साडीत स्टेजवर आली. तिच्या हातातला माईक नुसता धरायला होता, त्याची वायर कुठेही जोडलेली नव्हती. मी आणि मंगळू मागे उभे. आम्हीही वाजवण्याचं सोंगच करायचं होतं. पण माझी गिटार केरूभाऊंच्या ॲम्प्लिफायरला जोडलेली होती, आणि ड्रमला कुणाची वायर लागत नाही.

रेकॉर्ड लागली आणि बारीक आवाज मैदानावर पसरला. मैनानं ओठ हलवले नाहीत. माईक खाली धरून ती नुसती उभी राहिली. लोकांत चुळबुळ झाली. बक्षींनी हातानं खूण केली, गा. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं केरूभाऊंकडे मान हलवली.

दांडा खाली आला. कर्ण्यांतला आवाज खाली उतरत गेला, रुंद झाला, आणि पुढच्या बायांमधून कुणीतरी म्हणालं, "ही आपली मैना."

बक्षी उठून मशीनकडे धावले. केरूभाऊ मध्ये उभे राहिले. "साहेब, करंट लागतो. हात नका लावू."

तेवढ्यात मैनानं तो मेलेला माईक स्टेजवर ठेवला आणि केरूभाऊंचा घोषणा करायचा माईक मागून घेतला. रेकॉर्डवरच्या स्वतःच्या आवाजाबरोबर ती गायला लागली. मी शिरलो, मंगळू शिरला. दुसऱ्या कडव्याला केरूभाऊंनी सुई उचलली, आणि आम्ही तिघंच उरलो. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "रेकॉर्डवर अर्धंच नाव छापलंय. माझं नाव मैना कोंडाजी पगारे." मैदानानं ते नाव इतक्या मोठ्यानं परत केलं की बक्षींनी बॅग उचलली. कोंडाजीकाका टोपी काढून हातात धरून उभे होते.

पंधरा दिवसांत कंपनीची नोटीस आली. रेकॉर्ड बाजारातून परत मागवली आहे. मैनानं लेखी माफी मागितली तर ती पुन्हा काढू. नाहीतर करारातली तीन वर्षं तिला कुठेही रेकॉर्ड करता येणार नाही. मैनानं वहीचं पान फाडून उत्तर लिहिलं. 'आवाज माझा आहे. माफी मागणार नाही.' पोस्टात टाकायला मीच गेलो.

नंतर दोन दिवस ती माझ्या दुकानात येऊन नुसती बसायची. त्या रेकॉर्डची तिनं आयुष्यभर वाट पाहिली होती. तिसऱ्या दिवशी तिनं मंगळूला बोलावलं.

"करारात रेकॉर्ड करू नका म्हटलंय, ताई," मंगळू म्हणाला. "गाऊ नका असं नाय म्हटलं."

आम्ही गायला लागलो. आधी कॉलन्यांत, मग विंचूर, मग सटाण्याकडे. केरूभाऊंचे कर्णे बरोबर असायचे. लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायचे आणि स्टेजपुढे मांडायचे. कंपनीची दुसरी नोटीस आली. मैनानं उत्तर दिलं, 'मी काहीही रेकॉर्ड करत नाही. लोक करतात. त्यांची नावं मला माहीत नाहीत.' त्यानंतर कंपनीचं पत्र आलं नाही.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात नामपूरला कांद्याच्या मार्केटच्या मोकळ्या ओट्यावर आमचा कार्यक्रम होता. पुढे ओळीनं चौदा टेपरेकॉर्डर. मंगळूनं काठ्या उचलल्या. मैनानं हात करून त्याला थांबवलं. खाली एक म्हातारे बाबा टेपरेकॉर्डरशी झटापट करत होते.

"जरा थांबा ताई," ते अहिराणीत म्हणाले, "मनी कॅसेट उलटी लागेल शे."

मैना थांबली. सगळं मार्केट थांबलं. बाबांनी कॅसेट काढली, फुंकर मारली, नीट बसवली आणि बटण दाबलं.

"झालं का सगळ्यांचं?" मैनानं विचारलं, आणि मंगळूकडे बघून मान हलवली.