हातभर बांध

धाकटीनं बांध कोरला आणि कुदळ खांद्यावर टाकून शिव्यांची वाट पाहत उभी राहिली. पलीकडचं शेत थोरल्या जावेचं. सोळा वर्षं हे असंच चाललेलं. हिनं चार बोटं बांध खायचा, तिनं हिच्या माहेराचा उद्धार करायचा, मग दोघींनी कामाला लागायचं.

थोरलीनं पाहिलं आणि मान फिरवली. खुरपं हातात धरून नुसती बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात धाकटीनं वीतभर कोरला. काही नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात चांगला हातभर. थोरली म्हणाली, "घे."

धाकटीनं कुदळ तिथंच टाकली आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

नवरा म्हणाला, "वहिनी शहाण्या झाल्या म्हणायच्या. बरंच झालं की."

"माझी आई अशीच शहाणी झाली होती. भांडण सोडलं, मग जेवण. आम्ही तिच्या शांतपणाचं कौतुक करत बसलो आणि एका सकाळी तिला खांदा दिला."

ती तडक थोरलीच्या घरी गेली. ऊन दारात आलं तरी अंथरूण पसरलेलं, चूल थंड. वेणी कधीची होती कोण जाणे.

"दमलीये," थोरले भाऊजी म्हणाले. "होईल बरी."

"जाऊबाई, झोप लागते?"

"तीनलाच डोळे उघडतात."

"मरावंसं वाटतं?"

"असलं अभद्र विचारतात का?" भाऊजी ओरडले.

"विचारतात. आईला विचारायचं राहून गेलं."

थोरली आढ्याकडे बघत म्हणाली, "उठावंसंच वाटत नाही गं. मरायलाही उठावं लागतं."

"मग आज माझ्यासाठी उठा. दवाखान्यात जायचंय."

"लोक वेडी म्हणतील."

"मी सोळा वर्षं म्हणतेय. काय बिघडलं? साडी बदला."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून असं?"

"चार बोटांपासून," धाकटी म्हणाली, आणि बांधाची सगळी हकीकत सांगून टाकली. बाईंनी कागदावर 'तीन आठवडे' लिहिलं. गोळ्या दिल्या, दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं. धाकटी दर आठवड्याला घेऊन जात राहिली. बांध मात्र तिनं तसाच ठेवला. बरं वाटल्याची खूण हवी.

दोनेक महिन्यांनी सकाळी पलीकडून आवाज आला, "कुठल्या भिकारड्या घरची गं तू? हातभर बांध गिळलास माझा!"

धाकटीनं पदरानं डोळे पुसले. मग तोच पदर कमरेला खोचला.

"कसला बांध?"