पेनड्राइव्हमधलं वऱ्हाड

"आता कोण रुसलं?" जैतुन सिस्टरांनी सायलीच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

पडद्यावर पुन्हा लाल ओळी उमटल्या होत्या. सायलीने त्या वाचल्या, मग परत वाचल्या, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर काही सवलत मिळणार होती.

"सकाळी ग्राफ काढायचं पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर, आणलं, तर ते म्हणालं, नमपाय नावाचं दुसरं पॅकेज आल्याशिवाय मी पाय ठेवत नाही. चहाच्या सुट्टीत घरी पळून ते आणलं. आता कॉम्प्युटर म्हणतो, हे आमच्यातलं नाहीच."

"मानपान सुरू झाले म्हण की. माझ्या नणंदेच्या शादीत असंच. एका मामूला बोलवायला जावं तर तो म्हणे, आधी मोठ्या भाईजानला आणा. भाईजान म्हणे, सासुरवाडीला सांगितलं का?"

सायलीला हसू आलं, पण पुरतं आलं नाही.

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरची ही दूधपेढी दोन खोल्यांची. ज्या बायांना दूध जास्त येतं त्या इथे देऊन जात. ते यंत्रात ठरल्याप्रमाणे तापवून, गार करून, दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना पाजलं जाई. मात्र दूध नीट तापलं की नाही याचा ग्राफ पाहून सिस्टरांनी सही केल्याशिवाय एकही बाटली खोलीबाहेर जात नसे. ग्राफ काढणारा कॉम्प्युटर काल जळाला. स्टोअरमधून दुसरा आला, जुनाच; पायथन ही प्रोग्रॅमची भाषा तेवढी त्यात होती, बाकी कोरा. त्याला इंटरनेट द्यायचं नव्हतं, कारण कुणाचं दूध कुणाच्या बाळाला गेलं ती नावं त्यात राहणार होती. जे लागेल ते पेनड्राइव्हवर आणायचं, तेही ऑफिसात तपासून. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कंत्राटी सायलीचा लॅपटॉप गेटच्या आत चालत नसे, म्हणून दर वेळी घर गाठायचं.

फ्रिजमध्ये नव्या दुधाच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. लॅबचा रिपोर्टही सकाळीच आला होता. अडलं होतं ते एका ग्राफवर. आणि सही झालेलं दूध संध्याकाळच्या पाजणीच्या आत संपणार होतं.

दाराशी कळवणची अक्काबाई येऊन उभी राहिली. तिची लेक बाळंतपणानंतर अजून शुद्धीवर नव्हती, आणि नातू काचेच्या पेटीत, ओंजळीत मावेल एवढा. त्याच्या पोटाला पावडरचं दूध सोसणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मन्हा नातूले दूध भेटी ना, ताई?"

"भेटेल, आजी," सायली म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला त्या शब्दाचं वजन कळलं.

म्हातारी गेल्यावर सिस्टरांनी खिशातलं पेन काढलं. "दूध तापताना मी इथंच उभी होते. सही ठोकते. ग्राफ उद्या लावू."

सिस्टरांनी कागद पुढे ओढला, क्षणभर त्याकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"नको. भांडून हा नियम मीच मागून घेतलाय. आज मी मोडला तर उद्या कुणाला बोलू?"

"ऑफिसवाले पुण्याहून माणूस बोलावतायत. परवा येईल."

"परवापर्यंत काय, त्या पोराला लोरी ऐकवायची?"

"जेवणाच्या सुट्टीत एकदा जाऊन येते," सायलीने हेल्मेट उचललं. "या वेळी अंदाजाने नाही आणत."

घराचं दार उघडताच चिऊने हात पसरले. चिऊ सायलीची लेक, दात येत असल्याने किरकिरी झालेली.

"लय येरझाऱ्या चालल्यात आज," सायलीच्या सासूबाई, लंकाबाई, विंचूरच्या ठसक्यात म्हणाल्या. "पोटाला दोन घास घेशील का नाय?"

"आधी हिला घेते, आई."

एका मांडीवर चिऊ, दुसऱ्या मांडीवर लॅपटॉप. चिऊ चुटुचुटु पिऊ लागली तशी सायलीची धाप ओसरली आणि डोकं चालू लागलं. दोन्ही वेळा तिने आपल्या लॅपटॉपला चालेल तेच उतरवून नेलं होतं. आपल्या बाळाच्या अंगाला लावून शेजारणीच्या बाळाचं झबलं बेतावं, तसं. तिने सिस्टरांना फोन लावला.

"त्या काळ्या खिडकीत पायथन लिहा आणि एंटर दाबा. पी, वाय, टी..."

"काळी खिडकी गेली, बेटा."

"गेली नाही. खाली लपलीय, खालच्या पट्टीवर बघा."

"हां, मिळाली. पायथन तीन पॉइंट आठ. मग लंबंचौडं काहीतरी."

"त्यात बत्तीस बिट आहे की चौसष्ट?"

"थांब, चष्मा." फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बत्तीस."

सायलीचा लॅपटॉप नवा, चौसष्टवाला; त्याच्या मापाचं पॅकेज बत्तीसवाल्याला लागूच होत नव्हतं. तिने आज्ञा एका हाताने नव्याने लिहिली: माप त्या कॉम्प्युटरचं, आणि पॅकेज एकटं नको, त्याला जे जे लागतं ते सगळं एकाच फोल्डरमध्ये. फायली एकामागून एक उतरू लागल्या. कित्येकांची नावं तिने कधी ऐकलीही नव्हती.

लंकाबाईंनी पेंगुळलेल्या चिऊला अलगद उचललं आणि सायलीच्या तोंडात भाकरीचा घास कोंबला. "जा आता. ही राहती माझ्यापाशी."

ऑफिसात पेनड्राइव्ह तपासून झाला. सायलीने फोल्डर कॉम्प्युटरमध्ये उतरवला आणि त्याला बजावलं: बाहेर कुठे शोधू नकोस, इथलंच घे. ओळी सरकू लागल्या. सिस्टर ओठातल्या ओठात काही पुटपुटत होत्या. एक ओळ मध्येच थबकली, मग पुढे गेली. लाल काही आलं नाही.

"आलं वऱ्हाड?"

"आलं. करवल्यांसकट."

यंत्रातली नोंद उघडली. पडद्यावर निळी रेघ वर चढली, हवा तेवढा वेळ सपाट चालली आणि खाली उतरली. सिस्टरांनी ती बोटाने सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासली, कागद छापून घेतला आणि सही केली. मग बाटली कोमट पाण्यात धरली.

सायली बाळांच्या खोलीच्या काचेपलीकडून बघत राहिली. सिस्टरांनी बाळाच्या नाकातून पोटात गेलेली बारीक नळी हातात घेतली. दूध इतकं सावकाश उतरत होतं की उतरतंय हे कळायला टक लावून पाहावं लागत होतं. अक्काबाई पेटीपाशी हात जोडून उभी होती, कुणाला ते तिलाही ठाऊक नसावं. बाळाचे ओठ रिकामेच हलले, चोखल्यासारखे.

सायलीच्या छातीत एकदम कळ आली. कुर्ता दोन ठिकाणी ओला झाला. तिने ओढणी पुढे ओढून घेतली आणि तिथेच उभी राहिली, नळी रिकामी होईपर्यंत.