बाबांचा संशय कोणावर होता

वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सभासद जमतात आणि एकेका आवडत्या पुस्तकाची शिफारस करतात. प्रत्येकाला पाच मिनिटं. त्या दिवशी माझा नंबर तिसरा होता. दुसऱ्या नंबरला टेलरबाई उठल्या, आणि माझंच पुस्तक घेऊन उठल्या.

टेलरबाईंना मी ओळखत होते. बाबांच्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानाला लागूनच त्यांचं शिवणाचं दुकान आहे. मधे प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. त्या तीन महिन्यांत मी दुकानात दोनदा गेले, ती हे पुस्तक शोधायलाच. बाबांनी धंदा शिकवला तो माझा आतेभाऊ आता दुकान चालवतो. त्याने मला सगळे खण उपसून दाखवले. पुस्तक मिळालं नाही. आणि आता ते टेलरबाईंच्या हातात होतं, अस्तराच्या निळ्या कापडाचं कव्हर घातलेलं.

"मी काही वाचणारी नव्हे," त्यांनी सुरुवात केली. "मी कापणारी आहे."

लोक हसले.

"सहा जण आहेत. राजाने नदी चोरलीय. अख्खी! पेटीत बंद करून ठेवलीय, सात दारांच्या आत. गावात पाण्याचा थेंब नाही. हे सहा जण ती परत चोरायला निघतात. एक म्हातारा किल्लीवाला, एक त्याची मुलगी. एक चोर, त्याने स्वतःची सावली विकलीय. दोन जुळ्या बहिणी, दोघींना मिळून एकच स्वप्न पडतं. आणि एक आंधळा नकाशेवाला. आता तुम्ही म्हणाल, आंधळा आणि नकाशे काढतो? मीही तेच म्हटलं. तर उत्तर मिळालं, अहो बाई, डोळसांच्या नकाशांनी तरी कोण कुठे पोचलंय?"

पुन्हा हशा. मी हसले नाही. ते वाक्य पुस्तकात नाही. ते बाबांचं होतं, 'अहो बाई'सकट.

"जादू आहे, पण उगाच नाही. मंत्र म्हटला आणि दार उघडलं असं नाही. दुसऱ्या दाराचं कुलूप उघडलंय ती रीत मात्र साफ चूक आहे. आतली पिन तशी दबत नाही. लिहिणाऱ्याने जन्मात कुलूप खोलून बघितलेलं नाही. पण माणसं बघितलीत. सहातला एक जण फितूर आहे. कोण ते मला माहीत नाही, कारण शेवटची चाळीस पानं राहिलीत." त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. "राहून गेली. मला वाचून दाखवणारा भेटला होता. तुम्हाला भेटेलच असं नाही, तेव्हा आपलं आपण वाचा."

टाळ्या पडल्या. त्या सभेत इतक्या टाळ्या पडत नाहीत.

मला बाबांनी कधी काही वाचून दाखवलं नाही. लहानपणी गोष्टी वाचायची ती आई. बाबा संध्याकाळी घरी यायचे, हातांना मशीनच्या तेलाचा वास असायचा, आणि वर्तमानपत्र वाचताना त्यांचे नुसते ओठ हलायचे. त्यांचा मोठ्याने वाचतानाचा आवाज कसा असेल हे मला माहीत नव्हतं. या बाईला तो तीनशे पानं भरून माहीत होता.

"आता आपल्या खऱ्या वाचक," असं म्हणत ग्रंथपालांनी मला बोलावलं.

"मीही याच पुस्तकावर बोलणार होते," मी म्हटलं. "आधी दोन दुरुस्त्या. नदी पेटीत नाही, रांजणात आहे. आणि चोराने सावली विकलेली नाही, तो ती हरलाय."

मी मुद्रितशोधक आहे. चूक दिसली की माझा हात थांबत नाही, असं मी लोकांना सांगत असते. त्या दिवशी तसं काही नव्हतं. मला टोचायचं होतं.

"आणि फितूर कोण म्हणाल तर..."

टेलरबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले, अगदी शाळेतल्या मुलीसारखे. "नको हो ताई! पैज आहे काकांशी!"

सगळे पुन्हा हसले. मी थांबले. दुसऱ्याच कुठल्या तरी पुस्तकाबद्दल चार वाक्यं बोलून खाली बसले. कोणतं पुस्तक, ते आज आठवत नाही.

ते पुस्तक मी बाबांना त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाला दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर फक्त शेवटच्या चाळीस पानांसाठी दिलं होतं. सातव्या दारापाशी किल्लीवाल्याची मुलगी बापाला सांगते, पहाऱ्यावर खबर दिली ती मीच. तुम्ही तुमची विद्या या परक्या चोराला शिकवलीत आणि मला याद्या लिहायला बसवलंत.

मी बारा वर्षांची असल्यापासून सुट्टीत दुकानात बसायची. माझं अक्षर चांगलं म्हणून किल्ल्यांना बांधायच्या चिठ्ठ्या माझ्याकडे असत. किल्ली घासायची कानस आतेभावाच्या हातात. मला एकदाही कोणी म्हटलं नाही, ये, धरून बघ. हे बाबांना तोंडावर सांगणं मला जमलं नाही, म्हणून पुस्तक दिलं. नंतर दोनतीनदा विचारलं, वाचलं का? "वाचतो गं. पऱ्या-बिऱ्या असतील त्यात," म्हणाले. मग मी विचारणं सोडलं.

म्हणजे त्यांनी वाचलं होतं. मला वगळून. आणि नेमकी तेवढी चाळीस पानं वगळून.

सोमवारी मी पुस्तक आणायला गेले. आतेभाऊ कुणाचं तरी अडकलेलं दार उघडायला बाहेर गेला होता. टेलरबाई एक लांबलचक पडदा दुमडत होत्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या.

"पुस्तक न्यायला आलेय."

"बसा तरी."

"वेळ नाही मला."

"काकाही असंच म्हणायचे आणि दोन तास हलायचे नाहीत." त्यांनी फळीवरचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "घ्या. तुमचंच आहे, पहिल्या पानावर लिहिलंय की. मीच आणून देणार होते, पण म्हटलं, तुम्ही एवढ्या शिकलेल्या, काय बोलायचं तुमच्याशी?"

भांडायला आलेल्या माणसाला असं लगेच काही देऊन टाकू नये. मी पुस्तक धरून उभी राहिले.

"कव्हर राहू द्या हं. त्यांनी मुद्दाम शिवून घेतलं. बोटांचं तेल लागतं म्हणाले, पोरीचं पुस्तक आहे."

पानांमधून दोरा लोंबत होता. किल्लीला बांधायची चिठ्ठी खुणेसाठी घातलेली. त्यावर बाबांच्या वाकड्या अक्षरात एकच शब्द होता, 'इथपर्यंत'.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगणार होते, पुरं झाल्यावर. म्हणायचे, आधी सांगितलं तर ती प्रश्न विचारत बसेल आणि मला नावं आठवणार नाहीत. एकदा म्हणे तुम्ही त्यांची चूक काढली होतीत."

"काढली असेन."

"माझ्या तर परवा दोन काढल्यात." त्यांनी टाचण्या ओठांतून काढून उशीत खोचल्या. "पण पेटीच म्हणायचे हो काका. रांजणाला कुलूप कुठे लावणार, म्हणाले. लेखकाला कळत नाही. म्हणून मग आम्ही पेटी केली."

मला हसू आलं. ते मी दिसू दिलं नाही.

"पैज काय होती?"

"फितूर कोण, हीच. मी म्हटलं मुलगी."

"आणि बाबा?"

"नकाशेवाला म्हणाले. पण मनापासून नाही. मुलगी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. केवढे भांडले माझ्याशी! म्हणे, ती चिडेल, आठ-आठ दिवस बोलणार नाही, पण दार उघडून देणार नाही. मी म्हटलं, अहो काका, बाप तिला काही शिकवत नाही, याद्या लिहायला बसवतो. तिच्या जागी मी असते तर सातही दारं सताड उघडून दिली असती! तर एकदम गप्प झाले. दोन दिवस पुस्तकाला हात नाही. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, बाई, म्हाताऱ्याचं चुकलंच. पण पैज मी बदलणार नाही."

मी स्टुलावर बसले.

ते भांडण माझं होतं. तीस वर्षं मी त्याची तयारी केली होती. आणि या बाईने ते एका दुपारी, तोंडात टाचण्या धरून, उरकून टाकलं होतं. बाबांचं ते गप्प होणं तिने पाहिलं, 'चुकलंच' तिला ऐकायला मिळालं. मला मिळाली एक चिठ्ठी.

"तिथेच बसायचे ते," टेलरबाई म्हणाल्या. "मग? जिंकलं कोण?"

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द त्यांना आवडला असता, कारण त्या जिंकल्या होत्या. बाबा हरले होते हे मला माझ्या तोंडाने सांगवेना. मी चिठ्ठीपाशी पुस्तक उघडलं.

"ऐका," म्हटलं, आणि वाचू लागले.

अर्धं पान झालं नसेल. "असं नाही हो ताई. बातम्या दिल्यासारखं वाचताय. काका प्रत्येकाचा आवाज काढायचे."

"चोराचा कसा?"

"नाकातून."

"आणि जुळ्या बहिणी?"

"एकीचं वाक्य दुसरीने हिसकावून घेतल्यासारखं. नकाशेवाला अगदी हळू. म्हातारा म्हणजे ते स्वतःच, त्याला काही करायचे नाहीत."

यातलं एकही उत्तर मला त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं. तरी विचारलं, "मुलगी?"

टेलरबाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. जराशा संकोचल्या. मग मान ताठ केली आणि भराभर, वाक्याचं टोक कात्रीने छाटल्यासारखं तोडत म्हणाल्या, "हो. कळलं. लिहिलीय यादी. अजून काही?"

तो आवाज मी ओळखला. रोज संध्याकाळी फोनवर बाबांच्या कानात जायचा तो. हो. बरं. जेवलात ना? ठेवते.

"मला तर हसू आवरायचं नाही," टेलरबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्याची दुमड नखाने दाबत होत्या. "पण ते स्वतः नाही हसायचे."

मी पानाच्या वरून पुन्हा सुरुवात केली. चोर मला नाकातून जमला नाही. जुळ्या बहिणींची नुसती गडबड झाली. टेलरबाईंनी दोनदा 'अंहं' करून मला थांबवलं, आणि दोन्ही वेळा मला त्यांचा राग आला. सहावं दार उघडून झालं. सातव्या दारापाशी मुलगी बापाकडे वळली. तिच्यासाठी मला आवाज बदलावा लागला नाही.