फुकटचा पहारेकरी

मला कुणी विकत आणलं नाही. इंटरनेटवरून फुकटात उतरवून घेतलेला मी एक प्रोग्रॅम, धंद्याने पहारेकरी. ऑफिसातल्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या यूएसबीत काही खुपसलं, की मालकाच्या स्क्रीनवर लाल ओळ झळकवायची, एवढंच माझं काम. कुठे काय जोडलं ते मी सांगतो. का जोडलं, ते मला कळत नाही.

हे ऑफिस यंत्रांची ड्रॉइंग करणारं. इथल्या नव्या पंपाचं ड्रॉइंग दुसऱ्या कंपनीच्या हाती लागलं आणि मालकाचं डोकं फिरलं.

"पेनड्राइव्हमधूनच नेलंय कुणीतरी," कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसावर तो डाफरला. "फुकटातलं काहीतरी बसव आणि नजर ठेव."

असा मी आलो.

आल्या आल्या रिसेप्शनच्या मुलीने इवलासा पंखा जोडला. मी ओळ झळकवली. मालक उठला, पंखा उपटला आणि तिच्यादेखत बुटाच्या टाचेखाली चिरडला. परत येऊन त्याने माझ्याकडे पाहिलं, पाळलेल्या कुत्र्याकडे पाहावं तसं. मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

कोपऱ्यात अण्णा बसत. सर्वांत जुने ड्राफ्ट्समन, मालकाच्या वडिलांनी ठेवलेले. एका सकाळी त्यांच्या कॉम्प्युटरला अनोळखी वस्तू जोडली गेली. संध्याकाळी निघाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडली गेली. मी दर वेळी इमानेइतबारे कळवलं.

मालक सगळ्या ऑफिसाला घेऊनच कोपऱ्यात गेला. सोबत ऑफिसातच काम करणारा त्याचा मेहुणाही होता. मालकाने टेबलाखाली हात घालून वायरीसकट एक काळी डबी ओढून काढली.

"काय नेताय यातून, अण्णा?"

"काही नाही, साहेब. माउसची डबी आहे ती. लेकीनं आणून दिलीय."

"माउसला डबी कशाला लागते?"

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "हात थोडा थरथरतो हल्ली. ही लावली की बाण स्थिर राहतो. कामात कुठे चूक होत नाही, साहेब."

चोर सापडला नाही म्हणून मालक ओशाळेल, असं मला वाटलं. पण एवढी माणसं जमवून हात हलवत परतणं त्याला जमणारं नव्हतं.

"बघू तरी," तो खुर्ची ओढून बसला. "डबीशिवाय एक गोल काढा."

"साहेब, सगळ्यांसमोर नको..."

"काढा म्हणतो ना!"

अण्णांनी माउस धरला. डाव्या हाताने उजवं मनगट दाबलं. स्क्रीनवरचा बाण माशीसारखा भिरभिरू लागला.

"भूकंप आला की काय!" मेहुणा म्हणाला. मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग बाकीचेही हसले. पंखेवाली मुलगीसुद्धा. आज आपली पाळी नाही, याचंच ते हसू होतं.

"उद्यापासून येऊ नका," मालक म्हणाला. "आणि ही डबी इथेच राहील. कंपनीचं काय काय गेलंय यातून, कुणाला ठाऊक!"

संध्याकाळी लेक न्यायला आली, तेव्हा अण्णा दाराशी उभे होते. दोन्ही हात खिशात. "चल, आज काम लवकर उरकलं," एवढंच ते म्हणाले.

ड्रॉइंग मेहुण्याने विकलं होतं, साध्या ईमेलने. यूएसबीला हात न लावता. पुढे मालकाला ते कळलं. घरातलं प्रकरण म्हणून त्याने ते घरातच मिटवलं. लेकीने डबीसाठी फोन केला. "घरी चार रेघा ओढत बसतात हो, तेवढंच मन रमतं," ती विनवत होती. "तपास चालू आहे," असं सांगून त्याने फोन ठेवला आणि डबी कचऱ्यात टाकली. अण्णांना परत बोलवावं, हे त्याच्या मनातही आलं नाही.

मी अजूनही प्रत्येक कॉम्प्युटरवर आहे. कुणी काही जोडत नाही. मालक कंटाळतो, रिकाम्या स्क्रीनवर बोटं वाजवतो.

आज अण्णांच्या जागी नवी बाई बसली आहे. आत्ताच तिने काहीतरी जोडलं. चार्जर असेल, किंवा असंच काहीतरी. माझी ओळ लाल झाली. मला ती थोपवता येत नाही.

बाई, काय असेल ते पटकन काढून घ्या. तो खुर्चीतून उठलाय, आणि हसतोय.