ओद्वार हेलेसुंदचे चौदा आठवडे

नव्या रुग्णांच्या यादीत तिसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं. ओद्वार हेलेसुंद, वय एकोणसत्तर, पत्ता आमच्याच बेटाचा. तपकिरी चीज लावलेला पाव मी खात होते, तो परत डब्यात ठेवला.

बर्गेनच्या ज्या दवाखान्यात मी सतरा वर्षं मानसोपचार केले, तिथे रुग्ण प्रत्यक्ष येत नसत. घरी संगणकासमोर बसून ते चौदा आठवड्यांत चौदा धडे करायचे. मनात आलेला विचार पकडायचा कसा, तो खरा की खोटा हे तपासायचं कसं, ज्याची भीती वाटते तिथे पायरीपायरीने जायचं कसं, असे ते धडे. रविवारी नऊ प्रश्नांची उत्तरं भरली की शून्य ते सत्तावीस असा एक आकडा निघायचा. आकडा जितका मोठा तितकं मन खचलेलं. गुरुवारी मी रुग्णाला पत्र लिहायचे. एका पत्राला पंधरा मिनिटं मिळत, म्हणून दवाखान्याने मायेची, कौतुकाची तयार वाक्यं देऊन ठेवली होती. ती उचलून चिकटवता येत.

ओळखीचा रुग्ण आला तर तो दुसऱ्याकडे सोपवायचा, हा नियम मला पाठ होता. मी त्याच्या नावापुढचं ‘स्वीकार’ दाबलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललं होतं आणि पत्रांवरच्या माझ्या फोटोतली सत्तेचाळीस वर्षांची बाई त्याने कधी पाहिली नव्हती.

ओद्वार बेटावर मुलींना हँडबॉल शिकवायचा. माझी बहीण योरिद तेव्हा पंधरा वर्षांची होती, डाव्या बाजूने खेळायची, आणि तिच्याइतकं जोरात पळणारी दुसरी कुणी नव्हती. ओद्वार दर सोमवारी सरावाआधी वजनकाटा हॉलमधल्या मैदानाच्या मधोमध ठेवायचा. मुलींनी एकेक करून त्यावर उभं राहायचं, तो आकडा मोठ्याने वाचायचा, आणि मुलींनी तो आपापल्या निळ्या वहीत लिहायचा. ज्या मुलीचं वजन वाढलं असेल तिच्याकडे बघून तो म्हणायचा, “आज जेवण रुचलेलं दिसतंय.” सगळे हसायचे. आईबापसुद्धा.

एका सोमवारी मीही तिथे होते. एकोणीस वर्षांची, कॉलेजमधून सुट्टीला आलेली. गॅलरीत बसून वाफल खात होते. योरिदचा आकडा वाचला गेला, हशा पिकला, ती खाली बघत वहीत लिहीत राहिली. मी वाफल संपवलं.

त्या हिवाळ्यात योरिदने जेवण सोडलं. पुढची नऊ वर्षं आमच्या घराने इस्पितळांच्या वाऱ्या केल्या. ती जगली. पण चाळिशीत तिची हाडं सत्तर वर्षांच्या बाईसारखी झाली, आणि मूल होणार नाही हे तिला डॉक्टरांनी फार आधीच सांगून टाकलं होतं. ओद्वारला क्लबने चांदीची तबकडी दिली आणि हॉलच्या भिंतीवर त्याचा फोटो लावला.

आता तोच लिहीत होता की बायको गेल्यापासून आपण चार माणसांत उभे राहू शकत नाही. छाती धडधडते, सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं, चक्कर येऊन पडू अशी भीती वाटते. म्हणून तो सकाळी सातला, दुकान उघडताच, कुणी नसताना बटाटे आणि मासे घेऊन परत यायचा. बाकी दिवसभर पडदे ओढलेले. त्याचा पहिला आकडा एकोणीस होता.

वचपा काढायचा कसा, हे मला विचार न करताच सुचलं. मी तयार वाक्यांतलं एकही घेतलं नाही. पत्राच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: एकोणीस. खाली लिहिलं, “धडा अर्धाच केलात. उरलेला रविवारपर्यंत करा.” पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच: “एकोणीस. गेल्या वेळीही एकोणीस. काहीच हललेलं नाही.” आपला आकडा दुसऱ्याने वाचून दाखवला की कसं वाटतं, ते त्याला कळू दे. बाकीच्यांना मी पहिल्या पायरीवर कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चालून यायला सांगायचे. त्याला शनिवारी दुपारी बारा वाजता, भर गर्दीत दुकानात पाठवलं, आणि लिहिलं की सगळ्यात लांब रांगेत उभं राहा, चक्कर आली तरी रांग सोडू नका.

मला तो मोडायला हवा होता. तो बरा होऊ लागला.

पाचव्या आठवड्यात सोळा. सातव्यात तेरा. त्याने लिहिलं, “बाकी सगळे मला सांभाळून घेतात, त्यामुळे मला मी मेल्यासारखाच वाटतो. तुमची पत्रं कोरडी आहेत, पण ती मी वाट बघून वाचतो.” ते वाचून मी टेबलावरचा कप भिंतीवर फेकायच्या बेतात होते. आठव्या आठवड्यात अकरा.

त्यात आमची प्रमुख हाल्दिस त्याच सुमारास उपचार सुधारण्याच्या मागे लागली होती. तिसरा हिस्सा रुग्ण अर्ध्यातच सोडून जायचे, आणि कोणत्या पत्रांनी माणूस टिकतो हे तिला शोधायचं होतं. तिने सगळी पत्रं चाळली आणि ओद्वारचा उतरता आलेख घेऊन माझ्याकडे आली. आकडा पत्राच्या वर लिहायचा, गेल्या आठवड्याशी तुलना करायची, एकच नेमकं काम द्यायचं, हे तिला फार आवडलं होतं. आठवड्याभरात सगळ्यांना तसं लिहायला सांगितलं गेलं, अर्थात माझ्यापेक्षा गोड शब्दांत, आणि बाकीच्यांचेही रुग्ण टिकायला लागले. तिने आणखी एक नियम केला: आकडा एकदम पाचने किंवा जास्त वाढला तर पत्राची वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करायचा.

बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. माझं विष औषध म्हणून बाटलीत भरलं होतं, आणि पहिला घोट पिऊन गुटगुटीत झाला होता ओद्वार.

त्या रविवारी मी बेटावर योरिदकडे गेले. तिने माशांच्या वड्या तळल्या होत्या. रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नसते; मी सगळी सांगितली. ती ऐकत होती, काट्याने वडीचे तुकडे करत होती, खात नव्हती.

“म्हणजे तू त्याला बरं केलंस,” ती म्हणाली.

मला तसं करायचं नव्हतं, असं मी सांगू लागले. तिने ऐकून घेतलं नाही. तिने एवढंच विचारलं, की तू त्याला कुठेही जायला सांगू शकतेस का. अभ्यास म्हणून सांगू शकते, असं मी म्हटलं.

“मग सोमवारी पाच वाजता त्याला हॉलवर पाठव.”

उठून तिने माळ्यावरून एक पेटी काढली. निळी वही तिने अठ्ठावीस वर्षं जपली होती. मी तिला थांबवायला हवं होतं. मी बर्गेनला परतले आणि गुरुवारी लिहिलं: “अकरा. पुढचा अभ्यास: सोमवारी संध्याकाळी पाच, हँडबॉलचा हॉल. मुलींचा सराव असतो, गॅलरीत पालक असतात. मध्ये बसा. पंचेचाळीस मिनिटं उठायचं नाही. उठलात तर भीती जिंकली.”

सोमवारी काय झालं ते मला योरिदने रात्री फोनवर सांगितलं.

तो वेळेच्या आधी आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मधल्या रांगेत बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. योरिद जाऊन त्याच्या शेजारी बसली आणि आपलं नाव सांगितलं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “डाव्या बाजूची. वाऱ्यासारखी पळायचीस.”

तिने वही उघडली आणि पहिल्या सोमवारपासून वाचायला सुरुवात केली. तारीख, आकडा, आणि त्या दिवशी तो काय बोलला होता ते. तेसुद्धा तिने लिहून ठेवलं होतं. ती ओरडत नव्हती, पण मैदानाच्या मधोमध उभं राहून तो वाचायचा तेवढा तिचा आवाज होता. पुढच्या रांगेतल्या दोन आया वळल्या. मग आणखी काही जण वळले. वाचता वाचता ती सातव्या सोमवारावर आली तेव्हा तो उठला.

“खाली बसा,” योरिद म्हणाली. “तुमचा अभ्यास संपलेला नाही. अजून अठ्ठावीस मिनिटं आहेत.”

हिला हे कसं माहीत, असा प्रश्न त्याला त्या क्षणी पडला असणार. तो खाली बसला. योरिदने एकतीस सोमवार वाचले. शेवटची काही पानं इस्पितळातली होती, तिथेही वजन सोमवारीच व्हायचं. वाचून झाल्यावर तिने वही पर्समध्ये ठेवली आणि निघून आली. तो बसून राहिला होता.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“गोड,” ती म्हणाली. “तुला वाटत असेल मी आता रडेन. नाही. फार गोड वाटलं.”

रविवारी त्याचा आकडा आला. बावीस. आपण मेलेलं बरं असं वाटतं का, या नवव्या प्रश्नावर त्याने ‘काही दिवस’ अशी खूण केली होती. अभ्यासाच्या रकान्यात एकच ओळ होती: “पंचेचाळीस मिनिटं बसलो. भीती उतरली नाही.”

त्या रविवारी असे फोन करायची पाळी माझी होती. आकडा एकदम वाढल्याची लाल खूण पडद्यावर लुकलुकत होती आणि मी ती डोळे भरून बघत होते. खोटं कशाला सांगू, अठ्ठावीस वर्षांत इतकं समाधान मला कशाने झालं नव्हतं. अर्धा तास मी तशीच बसले. मग त्या खुणेचा दुसरा अर्थ, हा माणूस जीव देऊ शकतो, ध्यानात आला आणि मी फोन लावला.

तिसऱ्या घंटीला त्याने उचलला. उपचारातली तोरुन बोलतेय, असं मी सांगितलं.

“वीकची थोरली,” माझं माहेरचं आडनाव घेऊन तो म्हणाला. “योरिद गेल्यावर मी हिशेब जुळवला.”

मी कागदावरचे प्रश्न क्रमाने विचारले. मरणाचे विचार येतात का, काही ठरवलं आहे का, घरात कुणी आहे का. विचार येतात, ठरवलेलं काही नाही, पुतण्या संध्याकाळी येणार आहे, अशी उत्तरं त्याने दिली. पुतण्याचा नंबर मी मागून घेतला. मग तो म्हणाला, “तुला काय हवं होतं माझ्याकडून?”

“हेच.”

“मग मिळालं,” तो म्हणाला. “मी तक्रार करणार नाही. मला तेवढंही तोंड नाही.”

“तुम्ही नका करू. मी स्वतः करणार आहे,” मी म्हटलं. “नाहीतर तुम्ही मला माफ केल्यासारखं होईल. तुमची माफी मला नको.”

पुतण्याला फोन केला, त्याला लगेच जायला सांगितलं. मग हाल्दिसला तिच्या घरी फोन करून पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. तिने विचारलं, ती पत्रं, जी आपण सगळ्यांना नमुना म्हणून वाटली, तीही सुडाचीच होती का. मी हो म्हटलं. सोमवारी सकाळी माझं कार्ड दाराला लागेना.

ओद्वारचे उरलेले पाच आठवडे दुसऱ्या कुणीतरी केले. त्याचे पुढचे आकडे मला कळले नाहीत, आणि रविवार आला की मला ते अजून हवे असतात. दवाखान्यात पत्राच्या वर आकडा लिहायची पद्धत चालू आहे, फोनचा नियमही. योरिदने क्लबच्या वार्षिक सभेत वही पुन्हा वाचली. त्या संघातल्या चौघीजणी आपापल्या वह्या घेऊन आल्या होत्या. ओद्वार मागच्या रांगेत होता म्हणे, शेवटपर्यंत. फोटो भिंतीवरून उतरला.

माझा परवाना गेला. मी आता बोटीच्या धक्क्यावर तिकिटं देते. चौकशी समितीत तिघं होते, सभ्य माणसं. त्यांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का. मी म्हटलं, रुग्णाची गोष्ट बाहेर सांगितली, आणि लाल खुणेसमोर अर्धा तास बसले, याचा होतो. योरिदने वाचलं आणि त्याला बसून ऐकावं लागलं, याचा होत नाही.

चौकशीचं इतिवृत्त घरी आलं तेव्हा मी ते योरिदला वाचून दाखवलं. त्यात माझं फक्त पहिलं वाक्य होतं. दुसरं, ‘याचा होत नाही’ हे, त्यांनी लिहिलं नव्हतं. योरिदने पेन घेतलं आणि समासात ते स्वतःच्या अक्षरात लिहून टाकलं.