शिंकणारा पिंगळा

"आली! आली! पाखरं आली!"

शहराच्या कडेच्या राईत त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मोठ्या झाडाखाली उंच आसनावर पक्षीमहाराज डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या डोक्यावरच्या फांद्यांवर बुलबुल, शिंपी, चिमण्या, कोतवाल यांची नुसती झुंबड उडाली होती. कलकलाट असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना.

"या माझ्या पंखवाल्या लेकरांनो!" महाराज गरजले. "गेल्या जन्मीचे ऋषी, या जन्मीचे पक्षी! बोला, काय म्हणता? हं... हं... ऐकलंत भक्तांनो? म्हणतात, राई खुशाल तोडा! इथे महाराजांचा सभामंडप होऊ द्या, आम्ही त्याच्या कळसावर राहू!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या पाखरूताईच्या आईने डोळे पुसले. शेजारी बसलेल्या पाखरूताईच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या.

पाखरूताई म्हणजे दर रविवारी टीव्हीवर वन्यजीवांचा कार्यक्रम करणारी बाई. या नावापुढे तिचं खरं नाव लोक विसरूनच गेले होते. एका घरट्याच्या चित्रणासाठी चिखलात पालथं पडून राहायचं आणि डासांना रक्तदान करायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

"बघितलंस?" आई म्हणाली. "तू जन्मभर झुडपात दबा धरून बसतेस, तेव्हा कुठे एखादं पाखरू शेपूट दाखवतं. यांनी नुसते डोळे मिटले की जत्रा! शीक जरा काहीतरी."

हे तिला लागलं. त्यात वाहिनीच्या साहेबांनी आधीच फर्मान सोडलं होतं : "येत्या रविवारी महाराजांचा सोहळा थेट दाखवायचा. निवेदन तूच कर. लोकांना आवडला तर तुझी वेळ त्यांनाच देऊन टाकू. तुझ्या कार्यक्रमात पाखरं फार उशिरा येतात."

पाखरूताईने पुन्हा वर पाहिलं. पाखरांनी पिसं फुलवली होती, शेपट्या झटकत ती झाडाच्या बुंध्याकडे झेपावत होती. हे काही भक्तीचं लक्षण नव्हे. तिने कान टवकारले. त्या गलक्याखाली कुठूनतरी पिंगळ्याची, म्हणजे त्या छोट्या घुबडाची, कर्कश हाक येत होती. आणि हाकेच्या शेवटी अगदी बारीक आवाजात : "आक्छी!"

पिंगळा कधी शिंकत नाही!

ती तडक कचेरीत गेली, कॅमेरावाल्या दादाला बोलावलं आणि स्वतःच्याच कार्यक्रमाच्या एका जुन्या भागातला पिंगळ्याचा आवाज लावला.

"ताई, ही तर माझी शिंक!" दादा उडालाच. "तेव्हा केवढ्या ओरडला होतात मला!"

"ते शब्द मागे घेते. आपला आवाज चोरून महाराज पाखरांना चिडवतायत."

"मग आत्ताच बोंब मारू या!"

"लोक म्हणतील, ताई जळते. त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. आणि महाराजांचा उजवा हात सदान्‌कदा कफनीत का असतो, सांग बरं? शिंकेनंतर लगेच माझं बोलणं सुरू होतं. ते बंद करायला कळ नको?"

रविवार उजाडला. कॅमेरा सुरू झाला, महाराजांनी डोळे मिटले, पिंगळा ओरडला, पाखरं धावून आली.

"महाराज," पाखरूताई नम्रपणे म्हणाली, "दोन्ही हात वर करून आशीर्वाद द्या ना. टीव्हीवर फार तेजस्वी दिसाल."

तेजाचा मोह कुणाला नसतो? दोन्ही हात वर गेले. हाका संपल्या, शिंक झाली आणि महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. हात खाली यायच्या आतच आसनाखालून पाखरूताईचा आवाज खणखणीत उमटला : "मित्रहो, पिंगळा लहान पाखरांची पिल्लं खातो. म्हणून त्याची हाक ऐकली की ती सगळी एकजुटीने त्याला हुसकायला येतात..."

पाखरूताई तर तोंड मिटून उभी होती.

"चमत्कार!" मागून एक भक्त ओरडला. "महाराजांनी ताईंचा आवाजही वश केला!"

आई ताडकन उठली. "तिचा आवाज मला घरात कधी वश झाला नाही, तो यांना कुठला होतोय?" म्हणत तिने आसनाची गादी उचलली. खाली चपटा स्पीकर अजून बोलतच होता.

"ही... ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा होती," महाराज पुटपुटले.

"मग आम्ही पास झालो!" कुणीतरी म्हणालं आणि सगळी राई हसली. हशा ओसरला तेव्हा महाराज कफनी सावरत रस्त्याला लागले होते.

पाखरूताई कॅमेऱ्याकडे वळली. "ही पाखरं दर्शनाला येत नव्हती, भांडायला येत होती. हे दिवस घरट्यांचे आहेत. रोज असं चिडवलं की आया उठून येतात आणि अंडी गार पडतात. राई तोडायला यांच्यापैकी एकानेही होकार दिलेला नाही. त्यांना बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या वतीने कुणीही काहीही सांगतं आणि आपण मान डोलावतो."

साहेबांचा फोन आला. "बंद करू नकोस, सगळं शहर बघतंय!"

महिनाभरात सभामंडपाचा बेत बारगळला, कारण त्याच भक्तांनी नगरपालिकेत जाऊन राई वाचवा म्हणून ठिय्या दिला.

त्या रविवारी घरी आल्यावर आईने आधी लेकीसाठी चहा टाकला. मग म्हणाली, "मी फसले गं. तुझ्याच तोंडावर तुला नावं ठेवली."

"फसणं हा गुन्हा नाही, आई. शंका आली तरी विचारायचं नाही, तिथे घोटाळा होतो."

"मग विचारते. पाखरं खरंच काही बोलतात का गं?"

"बोलतात. भुकेचं, भीतीचं, पिल्लांचं. आपल्या मंडपाचं कधीच नाही."

पाखरांची भाषा समजायला सिद्धी लागत नाही. चार दिवस झाडाखाली शांत बसलं, तर तुम्हा-आम्हालाही थोडीफार कळते. एवढंच करा : कुणी डोळे मिटायला सांगितले, तर ते उघडे ठेवा, आणि हात जोडण्याआधी मोठ्याने विचारा, "हे झालं कसं?"